शस्त्रवैद्य भाऊ दाजी आणि त्यांचे दप्तर

पेण-रोह्याकडील मंडळी एके काळी धरमतर किंवा रेवस येथून बोटीत बसून मुंबईस जात व भाऊच्या धक्क्यास उतरत. पुढे मुलाबाळांस घेऊन भायखळ्यास राणीच्या बागेत गेले म्हणजे बागेच्या शेजारीच जुन्या संग्रहालयाची देखणी इमारत दिसते व तिच्यावर डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव वाचावयास मिळते. धक्का आणि संग्रहालय ही दोन्ही एकाच भाऊंची, असा समज आमच्या भागात पुष्कळ घरांतून आढळतो. वस्तुतः धक्का ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते भाऊ अजिंक्य निराळे आणि संग्रहालयास ज्यांचे नाव आहे ते भाऊ दाजी निराळे. पहिल्या भाऊंचे काम चुन्या-दगडाचे असल्यामुळे ते आजही पायाखाली लागते. दुसऱ्या भाऊंचे काम रोग्यांच्या शरीरावर आणि कागदावर झाले. त्यांतील रोगी कालवश झाले, आणि उरले ते फक्त कागद. ह्या महिन्यात ह्या दुसऱ्या भाऊंचे चरित्र व त्यांचे उरलेले कागद ह्यांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. त्या कागदांच्या कथेत आपल्या घरोघरच्या माळ्यांस लागू पडणारी एक गोष्ट आहे, ती शेवटी येईल.

भाऊ दाजींचे पाळण्यातले नाव रामचंद्र, वडिलांचे विठ्ठल, आडनाव लाड. जन्म गोमंतकातील पेडणे महालात, १८२२ सालचा. घरची स्थिती बेताची होती. मुलगा बुद्धिबळात असा तरबेज की, त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने ह्यास इंग्रजी शिकवा म्हणून वडिलांचे मन वळविले, अशी हकीगत त्यांच्या चरित्रात येते. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले व पुढे तेथेच ते शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील जाडेजा कुळांत जन्मतःच मुलींस मारण्याची जी घोर चाल होती, तिजविषयी इंग्रजीत निबंध लिहून त्यांनी ह्याच काळात बक्षीस मिळविले. सरकारी संस्थेतील शिक्षकाची जागा त्या काळी मोठ्या प्रतिष्ठेची मानीत. ती जागा सोडून हा तरुण पुन्हा विद्यार्थी झाला, हे आम्हांस त्यांच्या चरित्रातील पहिले धैर्याचे कृत्य वाटते. आम्ही स्वतः जन्मभर खडू व फळा धरून बसलो, म्हणून त्या धैर्याचे मोल आम्हांस थोडे अधिक कळते.

१८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट ह्यांचे नाव त्यास दिलेले असून जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या देणगीने उभे राहिलेले रुग्णालय त्याच्या जोडीस होते. पहिले मुख्याध्यापक डॉ. चार्ल्स मोरहेड. येथे येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न प्रेतास स्पर्श करण्याचा असे. कलकत्त्यास मधुसूदन गुप्त ह्यांनी १८३६ साली शवच्छेद करून हा बांध फोडला होता; तरी आपल्या प्रांती घराघरांतून विरोध होताच. संस्कृत जाणणाऱ्यास मात्र हा विरोध शास्त्राचा नसून विस्मरणाचा आहे हे दिसत होते. सुश्रुताने शरीर जाणण्यासाठी प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यामध्ये ठेवून, ते कुजून मऊ झाले म्हणजे वाळ्याच्या किंवा तत्सम कुंचीने हळूहळू घासून, एकेक थर डोळ्यांनी पाहावा असे स्पष्ट सांगितले आहे. शस्त्र चालविण्याचा सराव आधी कोहळा, भोपळा, काकडी ह्यांसारख्या फळांवर करावा, असेही त्याच ग्रंथात आहे. एकशे एक यंत्रे व वीस शस्त्रे मोजून देणारा हा ग्रंथ आपल्या पंडितांच्या घरी पाठ होता; हातात शस्त्र धरणारा मात्र पंडित राहिला नव्हता. ग्रंथ एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे, अशी विद्येची फाळणी होऊन शतके लोटली होती. भाऊ दाजींच्या ठायी ती दोन्ही पुन्हा एकत्र आली, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य होय.

त्यांचा शिक्षणकाळही मोठ्या स्थित्यंतराचा होता. १८४६ साली अमेरिकेत इथरने व १८४७ साली एडिंबरोस क्लोरोफॉर्मने रोग्यास निश्चेष्ट करून शस्त्रक्रिया करण्याची युक्ती निघाली. त्यापूर्वी चार माणसांनी रोग्यास धरावयाचे व शस्त्रवैद्याने पळांचा हिशेब ठेवून हात चालवावयाचा, अशी रीत होती. वेदना गेली, पण जखम पिकून दगावण्याचे भय तसेच राहिले, कारण लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ साली प्रसिद्ध व्हावयाची होती. भाऊ दाजींची शस्त्रवैद्यकी बहुतेक ह्या दोन टप्प्यांच्या मधल्या काळातली आहे. रोगी वाचला तर हात कुशल, दगावला तर दैव, असा तो जमाना होता.

१८५१ साली कॉलेजातून आठ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तीत भाऊ दाजी होते. पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग हेही त्याच तुकडीतले. भाऊ दाजींनी सरकारी नोकरीचा मार्ग लवकरच सोडला व मुंबईत स्वतंत्र वैद्यकी मांडिली. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले व दोघा भावांनी मिळून गोरगरिबांस औषध फुकट देण्याची व्यवस्था केली. दोघांसही छायाचित्रणाचा नाद होता, व मुंबईत ही कला प्रथम हस्तगत करणाऱ्या आपल्या लोकांत ह्या बंधूंची नावे येतात. एका घरात दोन भाऊ एका व्यवसायात असले म्हणजे तंटे उद्भवतात असा सार्वत्रिक अनुभव आहे. येथे एकाचे काम दुसऱ्याने उचलून धरले.

वैद्यकीचा व्याप सांभाळून ह्या गृहस्थाने नगराची किती कामे केली ह्याची नुसती यादी द्यावयाची तरी जागा पुरणार नाही. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली तेव्हा ते तिच्या चिटणिसांपैकी एक होते. मुंबई विद्यापीठाच्या मूळच्या फेलोंत त्यांचे नाव आहे. स्त्रीशिक्षणाचे ते कट्टे पुरस्कर्ते होते व मुलींची एक शाळा त्यांच्या नावाने चालली. १८६२च्या प्रसिद्ध महाराज लायबल खटल्यात त्यांनी न्यायासनापुढे वैद्यकीय साक्ष दिली. धर्मगुरूंविरुद्ध उघड उभे राहणे त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. भायखळ्याच्या संग्रहालयासाठी व बागेसाठी नाना शंकरशेट व डॉ. जॉर्ज बर्डवुड ह्यांच्यासह त्यांनी खटपट केली. ते संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले. मुंबईचे शेरीफपद त्यांस १८६९ व १८७१ असे दोनदा मिळाले. ज्या संग्रहालयासाठी ते झटले त्यास त्यांचे नाव देण्यास मात्र १९७५ साल उजाडावे लागले.

आता त्यांच्या वैद्यकीतील ज्या कामाचा आपल्या कोकणाशी साक्षात संबंध येतो, तिकडे वळू. कुष्ठरोगावर उपाय शोधणे हा भाऊ दाजींच्या आयुष्यातील मोठा ध्यास होता. जुन्या ग्रंथांत ज्या औषधींची स्तुती केली आहे तिच्यात तथ्य किती व अर्थवाद किती, हे रोग्यावर पारखून पाहावे, अशी त्यांची रीत असे. सुश्रुताने चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या वृक्षाच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे, व हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या भूमीत होतात असे त्यांचे स्थानही दिले आहे. पश्चिम समुद्राची भूमी म्हणजे सह्याद्रीपासून सागरापर्यंतची आपली ही पट्टी. तुवरक म्हणजे कोकणच्या रानातील कडू कवठ, असे आज बहुतेक वनस्पतिज्ञ मानतात. त्याचे तेल आपल्याकडील जुनी माणसे खरजेवर चोळीत. ह्याच कडू कवठीच्या तेलाने भाऊ दाजींनी कुष्ठरोग्यांवर उपचार केले व त्यांची ख्याती दूरवर पसरली.

ह्या कामी त्यांचे वय अपुरे पडले. उपचारांचा समग्र वृत्तांत, म्हणजे किती रोगी, किती मात्रा, किती मुदत, कोणास गुण आला व कोणास नाही, असा सिद्ध ग्रंथ त्यांच्या हातून छापून निघाला नाही. ते १८७४ साली वारले. त्याच्या आदल्याच वर्षी नॉर्वेत हान्सेन ह्यांनी कुष्ठाचा जंतू पाहिला होता. कडू कवठ आणि तिच्या जातीचा पूर्वेकडील चौलमुगरा ह्यांचे तेल पुढे सगळ्या जगाने घेतले. तेल पोटात घेणे अवघड जाई, कारण त्याने उलटी होई. टोचावे तर अंगात नीट भिनत नसे. ही अडचण १९१५-१६ साली हवाई बेटांवर ॲलिस बॉल ह्या तरुण रसायनतज्ज्ञ स्त्रीने सोडविली. ती १९१६ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी मरण पावली. तिचे काम दुसऱ्याने तिच्या नावाचा उल्लेख न करता प्रसिद्ध केले, व त्या कामावरील तिचा हक्क तिच्या एका सहकाऱ्याने १९२२ साली लिहून ठेविला म्हणून आज आपणांस ठाऊक आहे. १९४१ साली अमेरिकेत सल्फोन जातीच्या औषधाचा उपयोग सुरू झाला व तेलाचे युग संपत आले. १९८१ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली असून तिने हा रोग पूर्ण बरा होतो. तेव्हा कोणी हा लेख वाचून कडू कवठीच्या बिया पिळीत बसू नये. अंगावर बधिर डाग दिसताच सरकारी दवाखान्यात जावे, औषध तेथे विनामूल्य मिळते.

सांगावयाचे ते असे की, वैद्याचे ज्ञान त्याच्या हातात असते, आणि हात गेला की ज्ञान जाते. लिहून ठेविले तेवढेच मागच्यास मिळते. कुष्ठाच्या बाबतीत भाऊ दाजींचे जे राहिले ते दुसऱ्यांच्या ग्रंथांतील उल्लेखांच्या रूपाने राहिले. परंतु त्यांच्या दुसऱ्या व्यासंगाचे तसे झाले नाही. ते आता पाहू.

हा दुसरा व्यासंग प्राचीन इतिहासाचा. दिवसा रोगी आणि रात्री शिलालेख, असा त्यांचा क्रम दिसतो. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी निबंधामागून निबंध वाचले. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, गिरनारचा रुद्रदामन्‌चा लेख, कालिदासाचा काळ, हेमाद्री, हेमचंद्र, लेण्यांतील प्राचीन अंक, असे त्यांचे विषय. आर्यभटावरील त्यांचा निबंध १८६५ साली इंग्लंडातील सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्या काळी आर्यभट एक की दोन, त्याचा ग्रंथ कोणता, काळ कोणता, ह्याविषयी विलायतेतील पंडितही गोंधळलेले होते. भाऊ दाजींनी आर्यभटीयाच्या पोथ्या मिळवून, कलियुगाची ३६०० वर्षे गेली तेव्हा आपले वय तेवीस होते हे ग्रंथकाराचेच विधान पुढे ठेविले. त्यावरून जन्म शके ३९८, म्हणजे इसवी ४७६, हे ठरले, व महासिद्धांताचा कर्ता आर्यभट निराळा हेही स्पष्ट झाले. आज शाळेतील मुलगाही ४७६ हा आकडा पाठ म्हणतो. तो एका शस्त्रवैद्याने पोथ्या पडताळून सिद्ध केला, हे त्यास कोणी सांगत नाही.

खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथील देवळातील शिलालेखही त्यांनीच उजेडात आणला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे, व त्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्यास शके ११२८च्या सुमारास दाने मिळाली, असे लिहिले आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून नातवाने मठ घालावा आणि ती गोष्ट दगडावर कोरून ठेवावी! ह्या लेखाची आम्हांस वारंवार आठवण होते, ती का हे वाचकांच्या पुढे ध्यानी येईल.

त्यांची सगळीच अनुमाने टिकली असे नाही. राजतरंगिणीतील मातृगुप्त तोच कालिदास, असे त्यांनी मांडिले होते. ते पुढील विद्वानांनी मानले नाही. कल्याणजवळील अंबरनाथच्या देवळातील शिलाहार राजा माम्वाणी ह्याच्या लेखाचा शक त्यांनी ७८२ असा वाचिला. नंतर तो ९८२, म्हणजे इसवी १०६०, असा निश्चित झाला. दोनशे वर्षांचे अंतर पडले. हा शिलाहारांचा उत्तर कोकणचा वंश म्हणजे आपल्या पेण-अलिबागच्याच जुन्या राजवटीचा. अलिबागजवळील आक्षीचा मराठी शिलालेख त्याच वंशातील केशिदेवाच्या नावाचा आहे. अंबरनाथचा हा सुधारलेला वाच भाऊ दाजींच्याच शिष्याने, पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी, दिला. गुरूने आपला पाठ छापून पुढे ठेविला होता, म्हणून शिष्यास तो सुधारता आला. जे लिहिलेच गेले नाही ते चूक की बरोबर हे तरी कोण सांगणार? लिहून ठेविलेली चूक ही न लिहिलेल्या सत्यापेक्षा पुष्कळदा विद्येच्या अधिक उपयोगी पडते, असे आम्ही म्हणतो.

भगवानलाल हे जुनागडचे. गिरनारचे लेख लहानपणापासून पाहण्यात असल्यामुळे त्यांस जुन्या लिपीचे वेड लागले. भाऊ दाजींनी त्यांची योग्यता ओळखून त्यांस मुंबईस आणविले व आपल्या खर्चाने देशभर फिरविले. लेणी, स्तंभ, ताम्रपट जेथे असतील तेथे जाऊन ठसे घ्यावयाचे व पोथ्या मिळवावयाच्या, हे त्यांचे काम. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईत कापसाचा सोन्यासारखा भाव झाला व शेअरांचे वेड पसरले. १८६५ साली ते सर्व कोसळले, त्यात भाऊ दाजींची मिळकतही बुडाली. अशा स्थितीतही शोधाचे काम त्यांनी बंद पडू दिले नाही. भगवानलाल नेपाळकडील प्रवासात असताना १८७४च्या मे महिन्यात भाऊ दाजी वारले. बावन्न वर्षांचे आयुष्य. त्यातली पंचवीसही वर्षे व्यवसायाची धड भरली नाहीत.

आता त्यांचे दप्तर. रोग्यांची बिले व सावकारांचे तगादे ह्यांच्या गर्दीत ते सहज नाहीसे झाले असते. तसे झाले नाही, ह्याचे श्रेय मागे राहिलेल्यांस आहे. मित्रांनी स्मारक समिती केली, व त्यांनी जमविलेल्या हस्तलिखित पोथ्या भाऊ दाजी स्मारक संग्रह ह्या नावाने १८८२ साली सोसायटीच्या स्वाधीन झाल्या. निरनिराळ्या अंकांत विखुरलेले त्यांचे निबंध गोळा करून कलकत्त्याचे रामचंद्र घोष ह्यांनी १८८८ साली एका ग्रंथात छापिले. मुंबईच्या मराठी शस्त्रवैद्याचे लेख कलकत्त्याच्या बंगाली गृहस्थाने छापावेत, ही गोष्ट आपल्या प्रांतास भूषणावह किती व लाजिरवाणी किती, ह्याचा विचार वाचकांनीच करावा. सोसायटीतील संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सविस्तर वर्णनात्मक यादी पुढे प्रा. ह. दा. वेलणकर ह्यांनी सिद्ध केली. आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई ह्या नावाने चालणाऱ्या त्याच संस्थेत, टाउन हॉलमध्ये, भाऊ दाजींच्या पोथ्या आहेत.

भाऊ दाजींच्याच कॉलेजात त्यांच्यामागून शरीरशास्त्र शिकविण्यास आलेल्या एका इंग्रज शस्त्रवैद्याचे उदाहरण ह्याच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे. हेन्री व्हँडाइक कार्टर हे त्यांचे नाव. १८५८ साली लंडनला निघालेल्या ग्रे ह्यांच्या शरीरशास्त्रावरील ग्रंथाने जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची पिढ्यान्‌पिढ्या सोबत केली. त्यातील ३६३ चित्रे ह्या कार्टरांच्या हातची. मोबदला एकदाच, दीडशे पौंड; मुखपृष्ठावर नाव लहान टाइपात. त्याच वर्षी ते मुंबईस आले. १८६३ ते १८७२ ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोग, पायाचा बुरशीजन्य रोग व उलटून येणारा ज्वर ह्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. १८९७ साली ते इंग्लंडात वारले. त्यांच्या दैनंदिन्या व घरी लिहिलेली पत्रे घरच्यांनी टाकून दिली नाहीत. ती आज लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आहेत. त्या कागदांच्या आधारे त्यांच्यावरील अन्यायाची सगळी कथा रूथ रिचर्डसन ह्या लेखिकेने २००८ साली ग्रंथरूपाने सांगितली. दीडशे वर्षांपूर्वीचा लहान टाइप घरी जपलेल्या कागदांमुळे मोठा झाला.

हे सर्व पेण-रोह्याच्या वाचकांस सांगण्याचे कारण आता उघड करितो. आमच्या भागात भिक्षुकांची, वैद्यांची, वतनदारांची व कारकुनांची जुनी घरे पुष्कळ. भोगावतीच्या आणि कुंडलिकेच्या काठच्या ह्या घरांत माळ्यावर, फडताळात, देवघराच्या कोनाड्यात पोथ्यांची बासने, मोडी कागदांचे रुमाल व औषधांच्या बाडी अजून पडलेल्या आहेत. परंतु घरे राहतील असे दिसत नाही. भाऊबंद मुंबई-पुण्यास, काही परदेशी. वाडा पाडून तेथे सदनिकांची इमारत उठते. वाटणीच्या वेळी भांड्यांची मोजदाद होते, झाडांची होते, देवांचीही होते. दप्तराची होत नाही. एका घरातील वैद्यकीच्या बाडी रद्दीवाल्याच्या तराजूत गेलेल्या आम्ही ऐकिल्या आहेत. त्या घरच्या वृद्ध काकू म्हणाल्या, “मास्तर, मोडी वाचणारं घरात कुणी राहिलंच नाही, ठेवून तरी काय करायचं होतं?” काकूंस दोष देण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. न वाचता येणारी गोष्ट जपावयाची कशी, हा प्रश्न खराच आहे.

त्याचे उत्तर भाऊ दाजींच्या दप्तरात आहे. पोथी ज्याच्या घरात असते त्यालाच ती वाचता आली पाहिजे असे नाही. ज्याला वाचता येते त्याच्या हाती ती पोहोचली पाहिजे, इतकेच पुरे. आर्यभटीयाच्या पोथ्या ज्यांनी जपल्या त्यांतील कितींस तिच्यातील गणित कळत असेल? त्यांनी जपल्या, म्हणून वाचणाऱ्यास त्या मिळाल्या. वैद्यांच्या बाडींविषयी तर आणखी एक सांगणे आहे. हे आमच्या घराण्याचे गुप्त औषध, ते बाहेर द्यावयाचे नाही, असा अभिमान काही घरांत असतो. गुप्त ठेवण्याने औषधाचा गुण वाढत नाही. ठेवणाऱ्याबरोबर ते स्मशानात मात्र जाते. त्यातील काही निरुपयोगी असेल, काही घातकही असेल. ते पारखणाऱ्याने पारखावे. पण पारखण्यापुरते तरी ते उरले पाहिजे.

म्हणून एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांस व सुनामुलांस आमची पुढील विनंती आहे. पावसाळा संपून हवा कोरडी झाली म्हणजे माळ्यावरचे दप्तर खाली काढावे. उन्हात टाकू नये. सावलीत, वाऱ्यावर, एकेक बासन सोडून ठेवावे. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. फाटलेल्या कागदास डिंक किंवा चिकटपट्टी लावू नये, व प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. आपल्या दमट हवेत आत पाणी सुटते व बुरशी धरते. स्वच्छ सुती कापडात बांधून, जवळ वेखंडाचे तुकडे ठेवून, भिंतीस न टेकेल असे ठेवावे. पोथीच्या शेवटच्या पानावर लेखकाचे नाव, गाव व शक असतो. तो पाहून एका वहीत प्रत्येक बासनाची नोंद करावी. घरातील मुलांजवळ छायाचित्र काढण्याची साधने आहेतच. त्यांनी पानापानाची चित्रे घ्यावीत. सुटीत नातवंडांस ह्याहून चांगले काम नाही. आणि पुढे सांभाळणारा कोणी नाही असे दिसताच, भावाभावांनी वाटून न घेता सबंध दप्तर एकत्र पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास, किंवा मुंबईच्या सोसायटीस द्यावे, व घराण्याचे नाव त्यावर राहील असे करावे. दप्तराची वाटणी झाली म्हणजे दप्तर संपले.

भगवानलाल इंद्रजी १८८८ साली वारले. त्यांनी आपली नाणी ब्रिटिश म्युझियमला ठेविली, आणि आपल्या पोथ्या सोसायटीस देताना त्या डॉ. भाऊ दाजींच्या पोथ्यांजवळ ठेवाव्यात अशी इच्छा लिहून ठेविली. चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांसाठी मठ घातला होता. ह्या शिष्याने गुरूच्या ग्रंथांशेजारी आपल्या ग्रंथांस जागा मागितली. इतके करणे सर्वांसच साधेल असे नाही. येत्या दिवाळीपूर्वी माळ्यावर एक दिवा घेऊन चढणे मात्र कोणासही साधेल. ज्यांच्या घरी असे काही सापडेल त्यांनी ह्या सदराच्या पत्त्यावर कळवावे. मोडी अक्षर लावून देण्याचे काम आमच्या हातून डोळे चालतील तोवर होईल.